५५ माणसं, मे महिना आणि "व्हिस्की नको, वाईन चालेल": स्वस्तात घाऊक वाईन कशी निवडावी?

चिंचगूळ | १७ एप्रिल, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने.

सासूसासऱ्यांच्या लग्नाला मेमध्ये चाळीस वर्षं होताहेत. मुळशीकडे एक फार्महाऊस दोन दिवसांसाठी घेतलंय. माणसं ५५. त्यात पोरंटोरं १२, अजिबात न पिणारे ८. उरले ३५. त्यातले दहाएक "तू म्हणतेस तर घोटभर" गटातले, बाकी २५ पक्के.

गोम अशी की सासऱ्यांनी फर्मान काढलंय, "व्हिस्की-रम माझ्या कार्यक्रमात दिसता कामा नये. वाईन चालेल." यामागे बंडूकाकांनी (नाव बदललंय) एका हळदीला विहिरीच्या कठड्यावर बसून केलेला पराक्रम आहे. तो इथे सांगत नाही, कारण त्यांची सून ही साईट वाचते.

सासूबाई कोल्हापूरच्या, म्हणजे तांबडा-पांढरा आलाच. सुकं मटण, भरली वांगी, अख्खा मसूर. आधी तंदुरी चिकन, पनीर, शेंगदाणे. शेवटी आइस्क्रीम.

बजेट बर्फ आणि ग्लासांसकट तीस हजार. वाईनमधलं मला कळतं ते इतकंच, की एक लाल असते आणि एक पांढरी. किती घेऊ, कुठली घेऊ, कुठून घेऊ?

---

रानजाई | १७ एप्रिल, रात्री १०:५८

कुठून म्हणजे वाईन शॉपमधून. आपल्याकडे पाटीवर "वाईन्स" लिहिलेलं असतं आणि आत वाईन सोडून सगळं पुढे मांडलेलं असतं. वाईन मागच्या कोपऱ्यात, फ्रीजच्या वर, गरम हवेच्या झोतात. मागितली की पोऱ्या बाटली बाहीला पुसून देतो. तेवढं बघून घे.

---

हिशोबी_मास्तर | १७ एप्रिल, रात्री ११:२०

आधी आकडे, मग चवी.

बाटली ७५० मिलीची. १५० मिलीचा ग्लास भरला तर पाच होतात, १२५ चा भरला तर सहा. वेटर भरणार असेल तर पाच धर, बंडूकाका भरणार असतील तर तीन.

२५ पक्के गुणिले तीन ग्लास, ७५. दहा घोटभरवाले गुणिले एक, १०. एकूण ८५ ग्लास. पाचने भागलं तर १७ बाटल्या. दुसरा ठोकताळा माणशी अर्ध्या बाटलीचा: ३५ माणसं, साडेसतरा. दोन्हीकडून तेच येतंय, म्हणजे १८ घेतल्या की काम झालं. पेटी १२ ची येते, तेव्हा दीड पेटी.

---

उनाड_वासरू | १७ एप्रिल, रात्री ११:३१

मास्तर, हिशोब बरोबर आहे पण तो व्हिस्की, बिअर आणि वाईन तिन्ही ठेवलेल्या पार्टीचा. इथे दुसरं काहीच नाही. व्हिस्कीवाला माणूस वाईन बिअरसारखी पितो, घटाघटा, आणि दर दहा मिनिटांनी "चढत नाही रे" म्हणतो. मग एकदम चढते. १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त. दोन पेट्या घे. बंद बाटली लगेच काही नासत नाही, उरली तर दिवाळीला उघड.

---

बागवाला_निफाड | १८ एप्रिल, सकाळी ६:५०

द्राक्षवाला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, पहिली गोष्ट. आयात वाईनच्या नादाला लागू नका. बाहेरच्या बाटलीवर केंद्राचं आयात शुल्कच सगळं मिळून वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलं आहे, वर राज्याचं वेगळं. ऑस्ट्रेलियाशी करार झाल्यावर डिसेंबर २०२२ पासून तिकडच्या वाईनवरचं कमी झालं, पण तेही पाच डॉलरच्या वरच्या बाटल्यांवर. त्यामुळे इथे दीड हजाराला मिळणारी परदेशी बाटली तिच्या गावात बहुतेक वेळा अगदी साधी, रोजच्या जेवणाची असते. तुम्ही पैसे करांचे देता, द्राक्षांचे नाही.

उलट २००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात बरीच वर्षं माफी दिली. म्हणून नाशिक, अकलूजकडची बाटली हजाराच्या आत मिळू शकते. बंगळुरूकडची चांगली वाईन इथे महाग पडते, तिकडे आमची महाग पडते.

दुसरी गोष्ट. स्वस्तात घ्यायची तर पांढरी घ्या. आमच्याकडे छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोडणी जानेवारी ते मार्च. तोडणीच्या शेवटाला ऊन तापतं, द्राक्षात साखर भराभर चढते. त्यातून बरी लाल करायची तर वेळ, लाकूड, पैसा सगळंच लागतं. चेनिन ब्लाँ (पांढऱ्या वाईनचं द्राक्ष) मात्र इथल्या मातीत सुखाने पिकते, भरघोस येते आणि स्टीलच्या टाकीत थंड ठेवून काही महिन्यांत बाटलीत जाते. म्हणून त्याच किमतीत पांढरी जास्त बरी निघते.

तिसरी गोष्ट, साल बघा. स्वस्तातली पांढरी ताजी प्यायची असते. मागच्या तोडणीची असेल तर उत्तम, तीन-चार वर्षं दुकानात उभी असलेली नको. "जुनी तितकी चांगली" हे हजाराच्या आतल्या बाटलीला लागू नाही.

आणि लोक विचारतात म्हणून सांगतो, वाईनचं द्राक्ष तुम्ही खाता ते थॉमसन नव्हे. मणी बारीक, साल जाड, आत बिया. एका बाटलीला सव्वा ते दीड किलो लागतं. बाजारात नेऊन विकता येत नाही, कोणी खातच नाही. २००९ च्या सुमारास एका वायनरीने आमचा माल ठरवून उचललाच नाही, तेव्हा शिराझची (लाल वाईनच्या द्राक्षाची) दोन एकर बाग आम्ही कुऱ्हाडीने तोडली. आता तिथे थॉमसन आहे. असो.

---

तत्त्वबोध | १८ एप्रिल, सकाळी ८:०५

आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस, आणि चर्चा कसली तर किती बाटल्या. सत्यनारायण घालावा, चार लोकांना जेवू घालावं. वाईन ही दारू नाही असं सांगून सरकार २०२२ मध्ये ती किराणा दुकानात आणायला निघालं होतं, लोकांनीच हाणून पाडलं.

---

खमंगकाकू | १८ एप्रिल, सकाळी ९:१५

तत्त्वबोध, सत्यनारायण सकाळी आहे असं गृहीत धरा हो. मूळ प्रश्न सासऱ्यांनीच घालून दिलेल्या अटीचा आहे.

बाकी जानेवारी २०२२ च्या त्या निर्णयात किराणाचं टपरीवजा दुकान नव्हतंच, हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळं कपाट होतं. उपोषणाचे इशारे निघाले आणि ते कपाट काही उघडलं नाही. दारू आहेच ती, त्यात वाद नको. पण घरातल्या द्राक्षासवाच्या बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा एकदा चष्मा लावून वाचा.

चिंचगूळ, "घोटभर" गटात मावशा-आत्या असतील तर एक गोष्ट लक्षात ठेव. त्यांच्या मनात वाईन म्हणजे पोर्ट. गोव्याहून आणलेली, काळपट, गोड, खोकल्याच्या औषधाची थोरली बहीण. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, लाल वाईन दिलीस तर एक घोट घेऊन ग्लास तुळशीत रिकामा करतील. माझ्या नणंदेने केलाय.

---

मांडवीकाठ | १८ एप्रिल, दुपारी १२:४०

पोर्टची टिंगल नको हां काकू, आमच्याकडे नाताळला ती लागतेच. :)

पण स्वस्तच हवं तर गोव्यातून का नाही आणत? इथे कर कमी. कोणीतरी येतंच असेल गाडीने. डिकीत दोन पेट्या सहज बसतात.

---

वकीलकाका | १८ एप्रिल, दुपारी १:३०

अजिबात नाही. विनापरवाना गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, त्यात वाईनही आली. गोव्याकडून येताना सावंतवाडीच्या आधी इन्सुलीला उत्पादन शुल्कचा नाका आहे, तिथे डिकी उघडायला लावतात. दोन पेट्या वाचवायला जाल आणि गाडी जप्तीत अडकेल.

दुसरं, जे या धाग्यावर अजून कुणी बोललं नाही. फार्महाऊस भाड्याचं आहे, तिथे पन्नास माणसांत दारू वाढणार, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा तात्पुरता परवाना काढा. अर्ज ऑनलाइन होतो. मालक म्हणतील "कोणी विचारत नाही". विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, मालकांना नाही. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे स्वतःचाही परवाना असावा लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १००, आजन्म १००० रुपयांना. माझ्याकडे आजन्म आहे, लॅमिनेट करून ठेवलाय.

आणि त्या दिवसांत ड्राय डे येत नाही ना, हे आधी बघा. १ मे असतोच, मतमोजणी वगैरे मध्येच उपटते.

---

उनाड_वासरू | १८ एप्रिल, दुपारी १:३४

आजन्म परवाना लॅमिनेट. काका, तुमच्या पायाचा फोटो टाका, नमस्कार करायचाय.

---

ऱ्हाईनकाठी | १८ एप्रिल, संध्याकाळी ५:१०

जर्मनीतून. इथे एक सोय फार छान आहे. पेयांच्या मोठ्या दुकानांतून पार्टीसाठी माल "कोमिसिऑन" वर मिळतो. म्हणजे दहा पेट्या न्या, न उघडलेल्या बाटल्या परत करा, पैसे फक्त वापरलेल्याचे. तुमच्या दुकानदाराशी आधीच बोलून बघ, ओळखीचा असेल तर ऐकेल. फक्त एक, बर्फाच्या पाण्यात सगळ्या बाटल्या एकदम बुडवू नकोस. लेबलं सुटतात आणि बिनलेबलाची बाटली जगात कुठलाच दुकानदार परत घेत नाही.

तिखटाबरोबर काय, हे मी इथे आल्यावर शिकले. अल्कोहोल आणि लालमधला तुरटपणा, दोन्ही तिखटाचा जाळ वाढवतात. किंचित गोडसर पांढरी तो शमवते. इथे मिसळीच्या दिवशी मी बाटलीवर "हाल्बट्रोकन" किंवा "फाइनहेर्ब" लिहिलेली रीसलिंग ही पांढरी वाईन आणते, अर्धगोड म्हणू या. तुमच्याकडे बागवालादादांची चेनिन हेच काम करेल.

---

सनीवेलची_सुमा | १८ एप्रिल, रात्री ९:००

इकडे कॅलिफोर्नियात मंडळाच्या पार्टीला आम्ही वर्षानुवर्षं ट्रेडर जोज या दुकानसाखळीतली चार्ल्स शॉ वाईन आणली. २००२ साली ती १.९९ डॉलरला निघाली, म्हणून नावच पडलं "टू बक चक" (दोन डॉलरवाला चक, चक म्हणजे चार्ल्स). भाव आता वाढलाय, नाव तेच. कोणी तक्रार केल्याचं आठवत नाही, कारण बाटल्या ओट्यावर नसायच्याच, जगमध्ये ओतून ठेवायचो.

हल्ली तर खोक्यातली. तीन लिटरचं खोकं म्हणजे चार बाटल्या. आत प्लॅस्टिकची पिशवी असते, वाईन कमी होईल तशी ती आक्रसते, हवा आत जात नाही, म्हणून उघडल्यावरही काही आठवडे टिकते. १९६५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन वायनरीवाल्याने काढलेली युक्ती आहे. आमच्या ग्रुपमधल्या वाईनच्या गप्पा मारणाऱ्या एका सद्गृहस्थांना मी तीच कॅराफमधून (काचेच्या सुरईतून) दिली होती. त्यांना त्यात "चामड्याची सूक्ष्म छटा" आढळली.

---

हिशोबी_मास्तर | १८ एप्रिल, रात्री ९:२२

सुमाताई, यावरून सुचलं. चिंचगूळ, इथे विचारत बसण्यापेक्षा चार वेगळ्या बाटल्या आण, वर्तमानपत्रात गुंडाळ, आकडे टाक आणि घरच्यांना पाज. चार हजार जातील, पण पुढचे वीस हजार चुकीच्या बाटलीवर जाणार नाहीत.

---

चिंचगूळ | २७ एप्रिल, रात्री ११:५०

मास्तर, केलं! सविस्तर लिहिते, कारण मजा आली.

दुकानदाराला "चेनिन ब्लाँ" म्हणाले तर तो बघतच राहिला. मग "सुलाची पांढरी" म्हटल्यावर, "हां, शेनीन ब्लँक म्हणा की." चार बाटल्या आणल्या. एक चेनिन ब्लाँ, एक सॉव्हिन्यों ब्लाँ (हीही पांढरी), एक हजाराच्या आतली शिराझ आणि एक दीड हजाराची, सोनेरी अक्षरांची रिझर्व्ह लाल, लाकडी पिंपात ठेवलेली वगैरे. चौघींना रविवारची पुरवणी नेसवली, मानेवर रबरबँड, स्केचपेनने १ ते ४. ग्लास सारखे नव्हते म्हणून सगळ्यांना स्टीलची फुलपात्रं. सासूबाईंनी मध्ये तांबड्याचा टोप आणून ठेवला. म्हणाल्या, खाण्याबरोबर प्यायची आहे तर खाण्याबरोबरच बघू.

१ नंबर (सॉव्हिन्यों). नवरा: "ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतोय." खरंच येत होता. रश्शाबरोबर जरा आंबट लागली, तंदुरीबरोबर झकास.

२ नंबर (रिझर्व्ह). सासऱ्यांनी नुसती प्यायली तेव्हा "वा!" झालं. मग रश्शाचा भुरका आणि वर घोट. डोळ्यांत पाणी. सासूबाईंनी एकच वाक्य टाकलं, "जांभळाची साल चावल्यासारखं होतंय." फुलपात्र बाजूला.

३ नंबर (चेनिन). सासूबाईंनी वास घेतला, परत घेतला. "पेरू ठेवलाय का कुणी?" रस्सा, घोट, रस्सा, घोट. मी मोजलं, फुलपात्र तीन वेळा भरलं. नंतर विचारलं, "ही महागातली असेल ना?" चौघींत सगळ्यांत स्वस्त तीच निघाली.

४ नंबर (स्वस्त शिराझ). आधी कोणालाच आवडली नाही. घरात ३६ डिग्री होतं, बाटली कपाटातली. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून परत दिली तर तीच माणसं म्हणाली, ही आधी का नाही दिलीस. सुक्या मटणाबरोबर चांगली लागली.

दुकानदार पेटीमागे थोडी सूट देतोय, न उघडलेल्या बाटल्या परत घ्यायलाही कबूल आहे. आता बर्फ आणि ग्लासांचं सांगा.

---

पंगतवाला | २८ एप्रिल, सकाळी ७:३०

केटरिंगमध्ये वीस वर्षं आहे. वाईनच्या पार्टीत वाईन क्वचित कमी पडते. बर्फ कमी पडतो.

"लाल वाईन खोलीच्या तापमानाला" हे थंड देशांतलं बोलणं आहे. आपल्याकडे मेमध्ये खोली ३५ च्या पुढे. लाल १६ ते १८ डिग्रीला हवी, पांढरी ८ ते १० ला. फार्महाऊसच्या फ्रीजवर विसंबू नका, त्यात पाण्याच्या बाटल्या आणि पोरांचं आइस्क्रीम जाणार.

पुण्यातून बर्फाच्या लाद्या घ्या, गोणपाटात गुंडाळून. मोठे प्लॅस्टिकचे टब दोन. फोडलेला बर्फ, त्यात बर्फ बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. नुसत्या बर्फात बाटली गार व्हायला तास लागतो, कारण बर्फ बाटलीला जेमतेम चार ठिकाणी टेकतो. पाणी सगळीकडून लागतं, वीस मिनिटांत काम होतं. एका टबात आठ-दहा बाटल्यांहून जास्त नको. उचलाल तशा भरत राहा. बर्फ वाटतो त्याच्या दुप्पट घ्या. आणि तो ग्लासात घालायचा वेगळा, खाण्याचा. लादीचा नव्हे.

बाटल्या शक्यतो फिरकीच्या झाकणाच्या घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच वाईन्स आता तशाच येतात. बुचाची असेल तर ओपनर दोन न्या, एक हरवतोच. आमच्या एका पोऱ्याने ओपनर नाही म्हणून बूच बोटाने आत ढकललं होतं, ते प्रत्येक ग्लासाला आडवं येत होतं.

बाटल्या घेताना मान बघा. बूच वर आलेलं, झाकणाखाली चिकट ओघळ, पातळी खाली गेलेली, म्हणजे बाटली कुठेतरी उन्हात शिजली आहे. ती नको. आणि तुम्हीही नेताना डिकीत तासन्‌तास ठेवू नका. मागच्या सीटवर, एसी लावून, पोरांना डिकीत टाका (हलकेच घ्या).

ग्लास मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात. माणशी दोन धरा, लोक ठेवतात कुठे आणि विसरतात.

---

खमंगकाकू | २८ एप्रिल, सकाळी १०:०२

पंगतवाला यांना +१, विशेषतः मिठाला.

मावशीमंडळासाठी सांग्रिया कर. स्वस्त लाल वाईन, संत्र्याच्या चकत्या, सफरचंदाच्या फोडी, थोडा संत्र्याचा रस, साखर चवीला, सकाळीच करून गार करत ठेव. आयत्या वेळी सोडा आणि पुदिना. दोन बाटल्यांत बारा-चौदा ग्लास होतात, आणि तुळस वाचते.

टोस्टसाठी फसफसणारी घेऊ नकोस, तीस हजारांत बसली तरी. ३५ जणांना ओतायची तर पाच बाटल्या हव्यात आणि लोक ती एका घोटात संपवतात. कोकम सरबताने टोस्ट करा, पोरंही येतील त्यात.

---

रानजाई | २८ एप्रिल, सकाळी १०:४०

गाडी कोण चालवणार ते ठरलंय का? मुळशीचा रस्ता, रात्र आणि "वाईनच तर होती" म्हणणारे काका. रात्री परत निघणाऱ्यांची यादी आधी कर.

---

चिंचगूळ | २८ एप्रिल, दुपारी २:१५

रानजाई, मुक्कामाची सोय चाळीस जणांची आहे. बाकीच्यांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर सांगितलाय, ड्रायव्हर माळकरी.

ठरलं असं. दोन पेट्या: १२ चेनिन, ८ शिराझ, ४ रोझे (गुलाबी वाईन). रोझे फक्त रंगासाठी, नणंदेला फोटो काढायचेत. परवान्याचा अर्ज नवऱ्याकडून भरून घेतला. वकीलकाका, सासऱ्यांनी तुमचं वाचून स्वतःच्या आजन्म परवान्यासाठीही चौकशी केली. बँकेतून रिटायर झालेत, कागद हातात असला की त्यांना बरं वाटतं.

---

चिंचगूळ | १३ मे, रात्री १०:३०

वृत्तांत.

टोस्ट कोकम सरबताचा. सासरे दोन मिनिटं बोलणार होते, बावीस बोलले. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "बर्फ वितळतोय." तिथे थांबले.

पांढरी साडेआठला उघडली, बाराच्या बारा बाटल्या दहाच्या आत संपल्या. जेवण अजून वाढायचं होतं! रोझेच्या चारही फोटोनंतर लगेच गेल्या. लालच्या दोन सांग्रियात गेल्या, दोन मटणाबरोबर, चार उरल्या. म्हणजे २४ पैकी २० लागल्या. मास्तरांच्या १८ मध्ये मी तोंडघशी पडले असते, वासराचं ऐकलं ते बरं. पण परत करायचं झालं तर १८ पांढऱ्या आणि ४ लाल घेईन, रोझे नाहीच. बागवालादादा तीन आठवड्यांपूर्वी हेच सांगत होते, मीच "लाल नसली तर लोक काय म्हणतील" म्हणून आठ घेतल्या.

बर्फ चार लाद्या नेला होता. उन्हाने एक वाटेतच गेली. मीठ घातलेल्या टबात पोरांनी हात बुडवून कोण जास्त वेळ टिकतो याची स्पर्धा लावली, पुतणी जिंकली.

गोंधळ एकच. शेवटच्या चार लाल मीच "गार होऊ देत" म्हणून टबात टाकल्या आणि विसरले. सकाळी लेबलं पाण्यावर तरंगत होती. ऱ्हाईनकाठी, तू सांगितलेलं शब्द न्‌ शब्द आठवलं, पण सकाळी. दुकानदाराने बाटल्या हातात घेऊन उलटसुलट केल्या आणि म्हणाला, "म्याडम, ह्यात रॉकेल असलं तर?"

खर्च: वाईन वीस हजारांच्या थोडं आत, चवीच्या चार बाटल्या चार हजार, ग्लास-बर्फ-फळं मिळून तीन. तीस हजारांत बसलं.

---

हिशोबी_मास्तर | १३ मे, रात्री १०:४४

उनाड वासराला दोन पेट्यांबद्दल दंडवत. माझा ठोकताळा बदलतो: वाईन एकटीच असेल तर पिणाऱ्यामागे अर्धी नव्हे, पाऊण बाटली धरून निघावं.

बंडूकाका कसे होते?

---

चिंचगूळ | १३ मे, रात्री ११:१०

एकदम शहाण्यासारखे. चार ग्लास चेनिन प्यायले, "सरबत आहे हे" म्हणाले, आणि साडेनऊला झोपाळ्यावरच झोपले. रस्सा त्यांना सकाळी गरम करून दिला.

---

बागवाला_निफाड | १४ मे, सकाळी ६:४०

ताई, त्या चार बाटल्या आडव्या ठेवा, अंधारात, ओट्याखाली नको. लेबल नसलं तरी चालतं. थंडी पडली की मटण करा आणि उघडा.

---

चिंचगूळ | १४ मे, सकाळी ९:०५

दादा, तीनच आहेत आता. एक सासऱ्यांनी कपाटात परवान्याच्या अर्जाशेजारी ठेवलीये, किल्ली त्यांच्याकडे.